तूर विकताना स्वस्त, डाळ घेताना महाग, असं काहून?

माझी मावशी काटोल रस्त्यावरच्या एका गावात राहते. पाच एकर काळी जमीन, त्यात पऱ्हाटी (कापूस) आणि मधे मधे तुरीच्या तासा (ओळी). २०२५ च्या मार्चमधे तिनं चार क्विंटल तूर ६,९०० रुपये भावानं विकली आणि पुढच्याच आठवड्यात दवाखान्याच्या कामानं नागपूरला माझ्याकडे आली, तेव्हा आम्ही दोघी इतवारीत किराणा घ्यायला गेलो. दुकानदारानं तूरडाळ १२० रुपये किलो सांगितली. मावशीनं पोत्यात हात घातला, मूठभर डाळ हातावर घेतली, दोन दाणे दाताखाली तोडून पाहिले आणि मला म्हणाली, "पोरी, ६९ रुपयानं मीच देल्ली नं, मंग मलेच १२० ले काहून?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. "दलाल खातात" एवढंच तोंडात आलं, जे आपण सगळेच म्हणतो. पण त्या दिवसापासून हे डोक्यातून गेलं नाही, म्हणून मग जमेल तसं वाचलं, नागपूरच्या कळमना बाजार समितीत जाऊन पाहिलं, एका दालमिलवाल्या काकांना विचारलं, रेशन दुकानदाराला विचारलं. जे समजलं ते सगळं इथे सांगते आहे, कारण या एका डाळीच्या मागे हमीभाव, बाजार समिती, रेशन, शाळेचा पोषण आहार, परदेशातून येणारी तूर असं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे आणि बातम्यांमधे ते तुकड्यातुकड्यानंच येतं.

आधी डाळीचं गणित

१०० किलो तूर भरडली की साधारण ७० किलो डाळ मिळते, मिल चांगली असेल तर दोन-चार किलो जास्त. बाकी चुनी आणि भुसी, ती जनावरांच्या खाद्यात जाते. म्हणजे ६,९०० रुपयांची तूर घेतली की फक्त कच्च्या मालाचाच खर्च किलोमागे ९८ रुपयांवर जातो. चुनीचे थोडे पैसे परत येतात, पण त्याच्यावर हमाली, गाडीभाडं, मिलची वीज, पोतं, ठोकवाल्याचा आणि किरकोळ दुकानदाराचा हिस्सा धरला की १२० चा आकडा काही आभाळातून पडलेला दिसत नाही.

तुरीचं साल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, मधे डिंकासारखा थर असतो, म्हणून ती गव्हासारखी सरळ दळता येत नाही. तेल-पाणी लावून, ऊन दाखवून, मग भरडावी लागते. मावशीच्या आईच्या घरी हे सगळं जात्यावर व्हायचं, चार-पाच बाया मिळून दोन-तीन दिवस करायच्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं यासाठी पीकेव्ही मिनी दालमिल बनवली, ती गावातच चालते, आपल्या भागात बचत गटांच्या बाया ती चालवतात. मला विचाराल तर सरकारी संस्थेनं केलेलं हे फार मोलाचं काम आहे, कारण त्या मिलमुळे मधले वीस-पंचवीस रुपये आणि चुनी, दोन्ही गावात राहतात.

तर पहिली गोष्ट अशी की १२० मधे चोरी शोधत बसलो तर फार काही हाती लागत नाही. खरी गोष्ट त्या ६,९०० मधे आहे. कारण त्या हंगामात तुरीचा हमीभाव ७,५५० होता. मावशीला क्विंटलमागे ६५० रुपये कमी मिळाले, चार क्विंटलचे २,६०० झाले.

हमीभाव जाहीर असतो, मग मिळत कसा नाही?

हमीभाव म्हणजे सरकारनं पेरणीच्या सुमारास जाहीर केलेला किमान भाव. बाजार त्याच्या खाली गेला तर सरकार त्या भावानं विकत घेईल, असं त्यामागचं आश्वासन. दिल्लीचा कृषी मूल्य आयोग त्याची शिफारस करतो (हा आयोग १९६५ चा आहे) आणि केंद्रीय मंत्रिमंडळ मंजुरी देतं. २२ पिकांसाठी हमीभाव ठरतो. २०१८ पासून असं धोरण आहे की शेतकऱ्याच्या खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी, या दोन्हींच्या बेरजेच्या किमान दीडपट भाव द्यायचा. शेतकरी संघटना म्हणतात यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या पैशाचं व्याजही धरा, तेव्हा दीडपट खरं होईल. स्वामीनाथन आयोगाचं (शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा राष्ट्रीय आयोग) नाव घेऊन जे भांडण चालतं ते मुख्यतः यावरच.

पण माझ्या मते सामान्य माणसानं याच्याही आधीची एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. हमीभाव जाहीर होणं म्हणजे गावाच्या फाट्यावर एसटीच्या थांब्याची पाटी लागणं. पाटी आहे म्हणजे बस येईलच असं नाही. बस म्हणजे खरेदी. व्यापाऱ्यानं हमीभावानंच घ्यावं असं बंधन प्रत्यक्षात चालत नाही, तो बाजार पाहून बोली लावतो. सरकारनं स्वतः केंद्र उघडून, पैसे घेऊन, पोती घेऊन, गोदाम घेऊन उभं राहिलं तरच पाटीचा उपयोग. २०१५ मधे शांता कुमार समितीनं केंद्र सरकारला जो अहवाल दिला त्यात असं होतं की देशातल्या जेमतेम ६ टक्के शेतकऱ्यांना सरकारी खरेदीचा थेट फायदा मिळतो.

बस कोणत्या गावाला रोज येते, सांगायची गरज नाही. पंजाब, हरियाणाच्या गहू-तांदळाला.

सरकार घेतं तेच पिकतं

१९६५ मधेच भारतीय अन्न महामंडळ सुरू झालं, आपण ज्याला एफसीआय म्हणतो, अजनीला त्याचं गोदाम आहे. तेव्हा देशात धान्याचा तुटवडा होता, अमेरिकेच्या गव्हाची वाट पाहावी लागायची. त्या काळात गहू-तांदळाची पक्की खरेदी करायची आणि रेशनमधून वाटायची हा निर्णय बरोबरच होता, त्यानं उपासमार टळली, हे कोणी नाकारू नये. पण साठ वर्षं तीच दोन धान्यं घेत राहिल्याचा परिणाम काय झाला ते एका मेसच्या उदाहरणानं सांगते. समजा नंदनवनातल्या एखाद्या मोठ्या मेसवाल्यानं आजूबाजूच्या बायांना सांगितलं की पोळ्या कितीही करा, मी सगळ्या घेतो, रोख देतो, पण भाजीचं नंतर पाहू. दोन वर्षांत त्या मोहल्ल्यात भाजी करणारी एकही बाई उरणार नाही, आणि मेसमधली पोरं नुसत्या पोळ्या खातील. यात ना बायांचा दोष ना पोरांचा.

पंजाबात पाऊस कमी असून भात लावला गेला, कारण भात विकला जाण्याची खात्री होती, वीज फुकट होती, आणि जमिनीतलं पाणी खाली खाली जात राहिलं. आपल्याकडे उलटं झालं. विदर्भाची ज्वारी. मावशीच्या लहानपणी रोज ज्वारीची भाकर, संध्याकाळी कण्या आणि ताक, कडबा बैलांना. ज्वारीला हमीभाव आहे, २०२५-२६ मधे संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये होता, पण तिच्यासाठी बस क्वचितच आली. रेशनवर गहू-तांदूळ आला, शेतात सोयाबीन आलं, रानडुकरांचा त्रास वाढला, आणि ज्वारी गेली. आता नागपुरात ज्वारी घ्यायला गेलं की चांगल्या गव्हापेक्षा महाग पडते, आणि जी माणसं ती पिकवायची ती रेशनचा तांदूळ खातात.

मला यात सगळ्यात जास्त हे लागतं की तूर आणि ज्वारी ही आपल्या मातीची, कोरडवाहू शेतीची पिकं आहेत. तुरीचं मूळ खोल जातं, पाऊस लांबला तरी ती तग धरते. तिच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जीवाणू हवेतला नत्र पकडून जमिनीत आणतात, म्हणून युरिया जवळपास लागत नाही, सुरुवातीला थोडंसं खत दिलं की झालं. आणि सरकार काय करतं, तर ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशाला देतं, बाकी खर्च स्वतः सोसतं. ज्या पिकाला युरिया जास्त लागतो त्याला आपोआप जास्त मदत, आणि जे पीक स्वतःच जमिनीला खत देतं त्याला त्याबद्दल काहीच नाही. शेतकऱ्याला स्वस्त खत मिळू नये असं मी म्हणत नाही, पण जमीन सुधारणाऱ्या पिकालाही तेवढ्याच मनानं पैसा मिळाला पाहिजे.

२०१५ ते २०१७, डाळीचा झोपाळा

२०१५ च्या ऑक्टोबरमधे तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली होती, आठवतं ना? घरोघरी वरण पातळ झालं होतं. पुढे काय झालं ते नीट पाहा, कारण सगळ्या गोंधळाची किल्ली त्यात आहे.

भाव पाहून २०१६ च्या जूनमधे शेतकऱ्यांनी भरपूर तूर पेरली, सरकारनंही पेरा म्हणून सांगितलं. पाऊस चांगला झाला. त्याच वर्षी सरकारनं मोझांबिक देशाशी डाळी आयात करण्याचा करार केला. सप्टेंबर २०१६ मधे केंद्राचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार डॉ. अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीनं सांगितलं होतं की हमीभाव वाढवा, खरेदीची जोरात तयारी ठेवा, डाळींच्या निर्यातीवरची बंदी उठवा. ती बंदी २००६ पासून होती आणि उठली २०१७ मधे, तोपर्यंत तूर घराघरात येऊन पडली होती. बोनस धरून हमीभाव ५,०५० होता आणि बाजारात भाव ४,००० च्या आसपास. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला (बारदाना म्हणजे रिकामी पोती, आणि एवढ्याशा गोष्टीवर आठवडे गेले), एप्रिलमधे खरेदी थांबली तेव्हाही केंद्रांपुढे तूर पडून होती. मावशीचा नवरा, म्हणजे माझे काका, त्या वेळी तीन रात्री तुरीच्या ढिगाजवळ झोपले होते. अवकाळी पाऊस आला तर झाकायला ताडपत्रीही भाड्यानं आणलेली.

आता लक्षात घ्या की तूर पाच-सहा महिन्यांचं पीक आहे. जूनमधे पेरताना शेतकरी मागच्या वर्षीचा भाव पाहतो आणि जानेवारीत विकताना त्याला यंदाचा भाव मिळतो. सगळ्यांनी एकदम पेरलं की भाव पडतो, पडला की पुढच्या वर्षी कोणी पेरत नाही, मग परत महाग. हा झोपाळा आपोआप थांबत नाही. २०२४ मधे तूर दहा हजारांच्या वर होती, २०२५ मधे हमीभावाच्याही खाली आली.

मग सरकारनं मधे पडूच नये ना?

असं म्हणणारे खूप भेटतात. "बाजाराला ठरवू द्या, सरकार आलं की घोळ होतो." त्यात थोडं खरंही आहे, निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, अचानक आयात, यामुळे शेतकऱ्याचं जितकं नुकसान झालं तितकं कधी कधी पावसानंही केलं नसेल. तूर बाहेरून आणण्यावरची मर्यादा २०२१ च्या मे महिन्यापासून काढलेली, पुढे दरवर्षी मुदत वाढवत नेली. पिवळ्या वाटाण्यावरचा कर डिसेंबर २०२३ मधे काढला, त्याचा फटका हरभऱ्याला बसला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून परत ३० टक्के लावला. शेतकऱ्यानं पेरल्यानंतर नियम बदलले तर तो काय करणार.

पण सरकार पूर्ण बाजूला झालं तर काय होतं हेही आपल्याच भागानं पाहिलेलं आहे. बाजार समित्या सुरू होण्याआधी व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, वजनाचा काटा त्यांचा, कटती (वजनातली कपात) त्यांची. हे थांबवायला देशातल्या पहिल्या नियंत्रित बाजारांपैकी एक १८८६ मधे आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यात सुरू झाला, कापसासाठी, आणि १८९७ मधे वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा झाला, त्याच्यावरून पुढे बाकीच्या प्रांतांनी धडा घेतला. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा १९६३ चा. कळमन्यात सकाळी हर्रास (लिलाव) होते तेव्हा बोली मोठ्यानं लावली जाते, काटा तपासलेला असतो, पट्टी (विक्रीची पावती) हातात मिळते. समित्यांमधे राजकारण आहे, आडत्यांचं वजन आहे, सगळं खरं. तरी मावशीला विचारा की गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला तूर देताना आणि कळमन्यात देताना फरक काय, ती सांगेल, "कयमन्यात काटा तरी खरा रायते बाई."

बाजार पाहिजेच. पण बाजाराला काठ असावा लागतो, आणि तो काठ कुठे आहे हे पेरणीच्या आधी कळलं पाहिजे, माझं म्हणणं एवढंच आहे.

यात डाळीच्या बफर साठ्याचाही भाग येतो. बफर म्हणजे उन्हाळ्यात नळ जातो म्हणून आपण टाकी भरून ठेवतो तसं. भाव पडला की सरकारनं विकत घेऊन साठवायचं, चढला की बाहेर काढायचं. डाळींचा असा साठा २०१५ च्या महागाईनंतरच नीट उभा राहिला. जुलै २०२३ मधे सरकारनं ६० रुपये किलोनं भारत ब्रँडची हरभरा डाळ विकली ती याच टाकीतली होती. टाकी भरलेली असेल तर घाईघाईत आयात करावी लागत नाही, शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघंही वाचतात.

केंद्रावर तूर न्यायची म्हणजे काय काय

कागदावर साखळी अशी आहे: दिल्लीतून नाफेड ही देशपातळीवरची सहकारी संस्था पैसे आणि आदेश देते, राज्यात मार्कफेड (राज्याचा सहकारी पणन महासंघ) किंवा विदर्भ पणन महासंघ काम पाहतो, आणि तालुक्याला खरेदी-विक्री संघाचं केंद्र असतं. शेतकऱ्यानं आधी ऑनलाइन नोंदणी करायची. आधार, बँकेचं पासबुक, सातबारा, आणि त्या सातबाऱ्यावर तुरीचा पेरा चढलेला पाहिजे. पेरा चढवायला २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, म्हणजे शेतात उभं राहून मोबाईलनं फोटो काढून अपलोड करायचा. मग एसएमएसची वाट पाहायची, मग त्या तारखेला माल न्यायचा.

मावशीची तूर केंद्रावर का गेली नाही, ते असं. मिश्र पीक असल्यानं तिनं पाहणीत पऱ्हाटी टाकली, तूर टाकायची राहिली. शेजारच्या पोरानं मदत केली होती, त्यालाही माहीत नव्हतं की मधल्या तासांची वेगळी नोंद करावी लागते. दुरुस्तीसाठी कार्यालयात दोन चकरा मारल्या, साहेब नव्हते, तोपर्यंत घरात पैशाची निकड, कृषी केंद्राची उधारी. विकून टाकली. तिच्या शेजारणीची नोंद झाली होती तर तिचा माल ओला निघाला. केंद्रावर मूठभर तूर मीटरमधे टाकतात, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की परत. ती माउली दोन दिवस तिथेच रस्त्याच्या कडेला तूर पसरून, उन्हात पायानं हलवत बसली होती, संध्याकाळी परत भरायची, सकाळी परत पसरायची. तिसऱ्या दिवशी ओलावा साडेअकरा टक्क्यांवर आला आणि तूर घेतली.

गुणवत्तेचा नियम चुकीचा नाही, ओली तूर गोदामात सडेल. पण गावात एक मीटर ग्रामपंचायतीत ठेवला असता तर तिला घरूनच कळलं असतं.

आणि ज्यांचं नाव सातबाऱ्यावरच नाही त्यांचं काय? मक्त्यानं जमीन करणारा माणूस नोंदणी करू शकत नाही, मालक संमती द्यायला घाबरतो की उद्या जमिनीवर हक्क सांगेल. शेतात सगळ्यात जास्त राबतात बाया, पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरात जवळपास १४ टक्केच शेतखाती बायांच्या नावावर होती. म्हणजे योजना कितीही चांगली असली तरी तिचं दार सातबाऱ्यातून उघडतं, आणि ज्याच्या हातात सातबारा नाही तो बाहेरच उभा. समतेचा प्रश्न कुठे अडतो हे मला त्या नोंदणीच्या रांगेत जितकं दिसलं तितकं दुसरीकडे दिसलं नाही.

फुकट रेशननं लोक आळशी होतात, खरं का?

हे वाक्य नागपुरात ऑटोपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, म्हणून थोडं थांबते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं ग्रामीण भागातल्या ७५ आणि शहरातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ५ किलोला ३० नं भागा, दिवसाला १६६ ग्रॅम येतात. दोन वेळेला मिळून दीडेक वाटी कच्चा तांदूळ. तेल, डाळ, भाजी, गॅस, भाडं, शाळा, सगळं विकतच. १६६ ग्रॅम तांदळावर कोणी काम सोडून घरी बसत नाही हो. फरक एवढा पडतो की ज्या दिवशी ठिय्यावर काम मिळत नाही त्या दिवशीही चूल पेटते.

आणि वन नेशन वन रेशन कार्डमुळे छत्तीसगड, मध्यप्रदेशातून नागपुरात बांधकामावर आलेला मजूर इथल्या दुकानातून आपलं धान्य उचलू शकतो. अंगठा न जुळणं मात्र अजून होतं. आमच्या गल्लीतल्या धुणीभांडी करणाऱ्या काकूंच्या बोटांच्या रेषा साबणानं झिजल्या आहेत, मशीन तीनदा नाही म्हणतं. अशा वेळी दुकानदारानं दुसरा मार्ग वापरून धान्य द्यायलाच पाहिजे, नाही दिलं तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

रेशनवर माझा आक्षेप वेगळाच आहे. पोट भरतं पण अंगाला लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी. नुसत्या भात-पोळीनं हे भरून निघत नाही.

मग रेशनमधे डाळ का देत नाहीत?

हिशोब करून पाहू. रेशनचा लाभ ८१ कोटींच्या आसपास लोकांना आहे. माणशी महिन्याला एक किलो डाळ म्हटलं तर वर्षाला जवळपास ९७ लाख टन लागेल. देशात सगळ्या डाळी मिळून होतात अडीचशे लाख टनांच्या घरात. एवढी एकदम उचलली तर बाजारात डाळ उरणारच नाही. म्हणून "उद्यापासून सगळ्यांना डाळ द्या" हे बोलायला सोपं आहे, होणारं नाही.

पण माणशी नाही, कार्डामागे एक किलो धरलं तर? कार्डं वीस कोटींच्या आसपास, म्हणजे वर्षाला २४ लाख टन. हे अवघड आहे पण अशक्य नाही. तामिळनाडूत रेशन कार्डावर तूरडाळ ३० रुपये किलोनं मिळते, कित्येक वर्षं मिळते आहे. छत्तीसगडनं, आपल्या शेजाऱ्यानं, २०१२ मधे स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला, त्यात आदिवासी भागाला हरभराही दिला. आणि सरकार दरवर्षी पक्की डाळ घेणार हे कळलं की शेतकरी पेरतो, म्हणजे अडीचशे लाख टनाचा आकडाही तिथेच थांबत नाही.

सुरुवात करायला माझ्या मते शाळा सगळ्यात चांगली. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं जेवण देणं देशभर बंधनकारक झालं. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं ठरलेलं आहे, मोठ्या वर्गांना डाळ ३० ग्रॅम. ही मागणी दरवर्षीची आहे, ठरलेली आहे, किती पोरं आहेत ते माहीत आहे. तीच डाळ जिल्ह्यातल्या शेतकरी कंपनीकडून, बचत गटाच्या मिनी मिलमधून घेतली तर? ब्राझीलमधे २००९ च्या कायद्यानं असं ठरवलं की शालेय आहाराच्या केंद्रीय पैशातला किमान ३० टक्के पैसा छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावरच खर्च करायचा. ओडिशानं २०१७ मधे भरडधान्याचं अभियान सुरू केलं, आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावानं घेतली, ती रेशनवर दिली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या पोरांना नाचणीचे लाडू सुरू केले. ओडिशात पिकवणारा आणि खाणारा एकाच जिल्ह्यातला होता, आणि बस खरंच आली.

भाव वाढवला तर महागाई नाही का होणार?

थोडी होईल. खोटं कशाला सांगू. मावशीला ७,५५० मिळाले असते तर किलोमागे डाळ नऊ-दहा रुपयांनी महाग पडली असती. माझ्या घरी महिन्याला दोन-अडीच किलो तूरडाळ लागते, म्हणजे पंचवीस रुपये. माझ्यासारख्या घराला ते झेपतात. ज्यांना झेपत नाहीत त्यांच्यासाठी रेशनवर डाळ हवी, शेतकऱ्याचा भाव पाडून नाही. गरिबाला स्वस्त द्यायचा खर्च सगळ्या देशानं मिळून करायचा की एकट्या तूर पेरणाऱ्यानं, प्रश्न एवढा सरळ आहे, आणि आतापर्यंत तो बहुतेक वेळा पेरणाऱ्याच्याच पदरात गेला.

आता काय बदलतं आहे

ऑक्टोबर २०२५ मधे केंद्रानं कडधान्य आत्मनिर्भरता अभियान सुरू केलं, ११,४४० कोटी रुपयांचं, २०३०-३१ पर्यंत. त्यात चार वर्षं नोंदणी केलेल्या शेतकऱ्यानं आणलेली सगळी तूर, उडीद आणि मसूर हमीभावानं घेऊ असं म्हटलं आहे. आधी डाळींच्या खरेदीवर उत्पादनाच्या चौथ्या भागाची मर्यादा असायची. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० होता. बातमी वाचून मी मावशीला फोन केला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "नोंदणी कोठी होते?" दुसरा, "बारदाना देते का?"

मी तिला सांगितलं की आधी पाहणीत तुरीच्या तासा वेगळ्या टाकायच्या, पऱ्हाटीसोबत मिश्र पीक म्हणून, फोटो मीच येऊन काढते. आणि जो सातबारा आहे त्यावर तुझं नाव लागलं की नाही ते तलाठ्याकडे जाऊन पाहू, कारण काका गेल्यानंतर फेरफार झाला म्हणतात पण कागद कोणी पाहिला नाही. रविवारी जाते आहे. तुमच्या घरीही कोणी आई, मावशी, काकू शेती पाहत असेल तर हे दोन कागद आताच पाहून घ्या, जानेवारीत केंद्र उघडल्यावर त्याला वेळ राहत नाही.